चुकलं!

आमच्या घरात एका क्रियापदावरून जवळजवळ वीस वर्षं भांडण चालू आहे. क्रियापद साधंच आहे, चुकणे.

२४ सप्टेंबर २००५ची सकाळ. ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडच्या आमच्या घरात नवरा, मी आणि सासूबाई टीव्हीसमोर बसलो होतो. आठ महिन्यांचा मुलगा मांडीवर झोपला होता. ज्याच्या धास्तीने चार दिवस काढले ते रीटा वादळ ह्यूस्टनला बगल देऊन पूर्वेकडे वळलं होतं आणि टेक्सस-लुइझियानाच्या सीमेवर धडकलं होतं. आमचं नुकसान एवढंच, की मागच्या अंगणातली कढीपत्त्याची कुंडी आडवी झाली होती. नवरा रिमोट आपटून म्हणाला, "चुकले लेकाचे!" सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटल्या, "चुकलं गं बाई."

बातमी एकच होती आणि शब्दही एकच. पण त्याचा चुकला होता अंदाज आणि त्यांचं चुकलं होतं संकट. पुढच्या वादळात घर सोडायचं की नाही, हे ज्याने त्याने बहुधा त्याच सकाळी ठरवून टाकलं. आकडे, नकाशे, इशारे सगळं नंतर आलं.

त्या आठवड्यात आम्ही काय केलं होतं ते आधी सांगते. फारसं अभिमानाचं नाही.

तीनच आठवड्यांपूर्वी कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं होतं. तिथून आलेली हजारो माणसं ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये खाटांवर झोपत होती. मी तिथे डायपर आणि ब्लँकेट्स द्यायला गेले होते. एक म्हातारी बाई हातातली प्लॅस्टिकची पिशवी क्षणभरही खाली ठेवत नव्हती. पिशवीत काय होतं ते कळलं नाही, विचारायचा धीर झाला नाही. ती पिशवी डोक्यात असतानाच बुधवारी दुपारी टीव्हीवर रीटा दिसलं. मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या कॅटेगरीचं वादळ, रात्रीपर्यंत वारे ताशी १८० मैलांवर पोचले. पडद्यावर तर आख्खं आखात त्या पांढऱ्या भोवऱ्याने भरून गेलं होतं.

आम्हाला कोणी "जा" म्हटलं नव्हतं. घर समुद्रापासून बरंच आत. पण समोरचे निघाले, शेजारचे निघाले, देवळातल्या ग्रुपवर "आम्ही डॅलसला पोचतोय, तुम्ही?" अशा ईमेल सुरू झाल्या. मोकळ्या होत चाललेल्या गल्लीत आपलीच गाडी उभी दिसली, की पोटात कसंतरी होतं. किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन बेटासारख्या ज्या भागांना खरोखर बाहेर पडायचं होतं, त्यांच्यापुढे आमच्यासारखे लाखो लोक रस्त्यावर उतरले. गरज नसताना पळणाऱ्यांसाठी तज्ज्ञांकडे एक नाव आहे, शॅडो इव्हॅक्युएशन. ती सावली आम्ही होतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

संध्याकाळी सातला निघालो. सकाळी दहाला कॉनरोजवळ होतो. साठ मैलांना पंधरा तास. पेट्रोल वाचवायला एसी बंद, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या घरातली उष्णता, पंपांवर पिशव्या बांधलेले पाइप. सासूबाई ओल्या फडक्याने बाळाला पुसत होत्या आणि बाटलीतलं पाणी झाकणाने मोजून देत होत्या. कडेला एक माणूस पिकअप उभी करून, थंड पाण्याच्या बाटल्या भरलेला खोका मांडून बसला होता. त्याने दोन बाटल्या खिडकीतून आत दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्याच वेळी शेजारचा, ह्यूस्टनकडे येणारा रस्ता रिकामा दिसत होता. दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी खुल्या व्हायच्या होत्या, पण अजून झाल्या नव्हत्या. नवऱ्याने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. दीड तासात घरी.

रीटाच्या आधी ह्यूस्टन परिसरातून २५ लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली असं म्हणतात. त्या पळापळीतच शंभराच्या आसपास माणसं गेली, कोणी उन्हाने, कोणी अपघातात. डॅलसच्या अलीकडे वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली, आत ऑक्सिजनची नळकांडी होती. २३ जण गेले. प्रत्यक्ष वादळाने घेतलेले बळी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

अधिकाऱ्यांना एक भीती नेहमी असते. लोकांना उगाच बाहेर काढलं आणि वादळ आलंच नाही, तर "लांडगा आला रे आला" होईल, पुढच्या वेळी कोणी हलणार नाही. फ्लोरिडातले भूगोलतज्ज्ञ अर्ल बेकर यांनी कित्येक वादळांनंतर घरोघरच्या लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की ही भीती वाटते तेवढी खरी नाही. एकदा विनाकारण बाहेर पडलेली माणसं पुन्हाही बाहेर पडतात. माणसाला हलवण्यात सगळ्यात मोठा वाटा असतो तो तुम्ही कुठे राहता याचा, आणि "तुम्हीच, आत्ता निघा" हे कोणी थेट सांगितलं का याचा. वाचलं तेव्हा मला पटलं नाही, कारण आमच्या घरात तर रीटानंतर "पुन्हा म्हणून नाही" अशी शपथ झाली होती. मग लक्षात आलं, की आम्ही लांडग्यावर रुसलोच नव्हतो. तो आला नाही हे बरंच झालं. आम्ही रुसलो होतो त्या पंधरा तासांवर. न आलेल्या वादळाचा राग फार टिकत नाही, पण घामाने भिजलेलं, रडायचं थांबलेलं आठ महिन्यांचं बाळ विसरता येत नाही. पुढे कोणी "इव्हॅक्युएट" म्हटलं की माझ्यापुढे वादळ उभं राहायचंच नाही, पंचेचाळीस नंबरचा हायवे उभा राहायचा.

तीन वर्षांनी, सप्टेंबर २००८मध्ये आइक आलं. तोवर प्रशासनही रीटाकडून शिकलं होतं. पिनकोडनुसार विभाग पाडले होते. किनाऱ्याजवळच्यांनी निघायचं, आतल्यांनी घरातच दबून बसायचं. इथले जाणते एका ओळीत सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. आम्ही लपणाऱ्यांत होतो. मोजक्या दिवसांचा अंधार सोसला आणि सुटलो.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी झाली. राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाने गॅल्व्हेस्टन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांना "निश्चित मृत्यू"ची शक्यता आहे, असं लेखी बजावलं. सरकारी भाषेत इतकं उघडंवाघडं वाक्य मी तोवर वाचलं नव्हतं. तरीही बेटावर हजारो लोक राहिले. कारण टीव्हीवरचा आकडा दोन होता, आइक कॅटेगरी दोनचं होतं. तीन वर्षांपूर्वी पाचाचं म्हणून पळालो आणि काही झालं नाही, आता दोनाला कोण घाबरतो?

या आकड्याशी माझं जुनं वैर आहे. हर्बर्ट सॅफिर नावाचे इंजिनिअर आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही एक ते पाचाची पट्टी आणली. ती मोजते फक्त वाऱ्याचा सर्वाधिक वेग. वादळ किती पसरलंय, किती रेंगाळणार, समुद्र किती आत ढकलणार, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. आणि मारतं ते पाणी. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अटलांटिक वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी दहातले नऊ पाण्याने गेले आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा स्टॉर्म सर्जचा, म्हणजे वाऱ्याने ढकलून जमिनीवर चढवलेल्या समुद्राचा. आइक आकड्याने दोन असलं तरी अंगाने अवाढव्य होतं. त्याने बोलिव्हर द्वीपकल्पावर पंधरा-वीस फूट पाणी चढवलं. गिलख्रिस्ट गावाचा विमानातून काढलेला एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होता. सपाट वाळू, आणि तिच्यात उभं एकच पिवळं घर. आजूबाजूची घरं पडलेलीही दिसत नाहीत, ती नाहीतच.

पण फक्त आकड्याला दोष देऊन चालणार नाही. माणूस आकड्याने कधी मोजतच नाही, तो मागच्या वादळाने मोजतो. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९मध्ये कॅमिल आलं होतं, पाचव्या कॅटेगरीचं. पाणी कुठवर आलं हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ. छत्तीस वर्षांनी कॅटरिना किनाऱ्याला लागताना तीनवर उतरलं होतं. कॅमिलमध्ये जे घर वाचलं ते आता कसं बुडेल, या हिशेबाने कितीतरी जण थांबले. कॅटरिनाचं पाणी कॅमिलच्या खुणेच्या वर गेलं. तिकडे अजून म्हणतात, कॅमिलने १९६९पेक्षा २००५मध्ये जास्त माणसं मारली.

आणि हे अडाण्यांचंच होतं असं कोणी समजू नये. गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयाचे प्रमुख होते आयझॅक क्लाइन. ते तिथे येण्याआधीच त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला हे भरभराटीचं बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत कायमचं संपलं होतं. गॅल्व्हेस्टनला समुद्रभिंत बांधावी का, अशी चर्चा निघाली. १८९१मध्ये क्लाइननी स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं, की वादळाने गॅल्व्हेस्टनची मोठी हानी होईल हा भ्रम आहे. भिंत झाली नाही. ८ सप्टेंबर १९००ला सकाळी लोक पोराबाळांना घेऊन लाटा बघायला किनाऱ्यावर गेले होते. बेटाची सगळ्यात उंच जागा नऊ फुटांच्या आसपास, समुद्र चढला पंधरा फुटांहून वर. साधारण आठ हजार माणसं गेली. क्लाइन यांच्या पक्क्या घरात पन्नासेक माणसं आसऱ्याला आली होती. ते घरही कोसळलं आणि त्यांची पत्नी बुडाली.

इंडियानोला दोनदा बुडालेलं माहीत असूनही इतक्या जाणत्या माणसाला ते आपलं वाटलं नाही. मला वाटतं, दुसऱ्याच्या गावावरून गेलेलं वादळ ही बातमी असते आणि आपल्या गावाला चुकलेलं वादळ हा "अनुभव" होतो. या अनुभवाइतकं खोटं बोलणारं दुसरं काही नाही. रॉबिन डिलन आणि कॅथरिन टिन्सली या दोन संशोधक बाई नेमका हाच प्रश्न घेऊन बसल्या होत्या. २०११मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत दाखवलं, की मागच्या वादळात आपल्याला काही झालं नाही अशी आठवण असलेला माणूस पुढच्या इशाऱ्याला कमी हलतो. पण पुढच्या वर्षी त्यांनीच हेही दाखवलं, की त्याच आठवणीत "थोडक्यात वाचलो" अशी एखादी खूण असेल, शेजारच्या गाडीवर पडलेलं झाड असेल, तर तोच माणूस उलटा, जास्त सावध होतो. इंग्रजीत त्यांना यासाठी बऱ्याच पानांचे शोधनिबंध लिहावे लागले. आमच्याकडे एका क्रियापदात भागतं.

२०१७मध्ये हार्वीने तर सगळंच उलटं केलं. ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर रिकामं करायचा आदेश दिला नाही, साठ-पासष्ट लाख लोक एकदम रस्त्यावर आणता येत नाहीत असं सांगितलं. त्यांच्याही डोळ्यांपुढे रीटाचाच हायवे असणार. हार्वी टेक्ससवर चार दिवस ठाण मांडून बसलं. पूर्वेला नेदरलँड गावात ६० इंचांहून जास्त पाऊस पडला. टेक्ससमध्ये ६८ जण थेट वादळाने गेले, त्यातले तीन सोडून बाकी सगळे पुराच्या पाण्यात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरातून समुद्र दिसतही नव्हता.

आमच्या जवळून ब्राझोस नदी वाहते. वसाहत बांधाच्या आड. नदी ५९ फुटांवर जाईल असा अंदाज आला आणि काऊंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, बांधाआडच्या कित्येक वसाहतींना निघायला सांगितलं. म्हणजे शेजारचं शहर म्हणतंय थांबा आणि आमची काऊंटी म्हणतेय जा. नवरा म्हणाला, "परत त्या हायवेवर? मी नाही." मी म्हटलं, "अरे, पण पाणी आहे, वारा नाही." आवाज चढले. सासूबाई आतून म्हणाल्या, "भांडायचं ते गाडीत बसून भांडा." बारा वर्षांचा मुलगा एव्हाना स्वतःची बॅग घेऊन दारात उभा होता.

वादळाचा धोका माणसं कशी तोलतात याच्या अभ्यासांत "निर्णय घेणारी व्यक्ती" असते. असली व्यक्ती मी तरी पाहिलेली नाही. निर्णय घर घेतं, आणि त्यात ज्याचा आवाज शेवटी उरतो त्याच्या मनासारखं होतं. आमच्या फायलीत पासपोर्ट, व्हिसाचे कागद, ग्रीनकार्ड, आईंची, म्हणजे सासूबाईंची, औषधं, त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. विमा कंपनीला दाखवायला घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो मी फोनवर काढले. फोटो काढताना जाणवलं, की बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी मी माझ्याच घरात फिरतेय. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या रॉकपोर्टमध्ये एका पदाधिकाऱ्याने थांबणाऱ्यांना सांगितलं होतं, काळ्या मार्करने दंडावर नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहून ठेवा. त्यातला अर्थ लपवलेला नव्हता.

आम्ही गेलो ते अवघ्या काही मैलांवर, उंचावरच्या मित्राकडे. एवढंच पुरेसं असतं हेही रीटाच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. १ सप्टेंबरला नदी ५५ फुटांच्या जरा वर जाऊन थांबली. आजवरचा उच्चांक, पण अंदाजापेक्षा चार फूट कमी. घर कोरडं. परतताना गाडीत नवरा म्हणाला, "चार फुटांनी चुकले." मागच्या सीटवरून उत्तर आलं, "चार फुटांनी चुकलं."

पूर्वी कॅटरिनात थांबलेल्यांविषयी मीही म्हणायचे, "सांगूनही गेले नाहीत." आता म्हणवत नाही. न्यू ऑर्लिन्सला निघण्याचा सक्तीचा आदेश मिळाला २८ ऑगस्टला, वादळाच्या आदल्या दिवशी. शहरातल्या चारांतल्या एका घराकडे गाडी नव्हती. महिनाअखेर, पगार व्हायचा होता. आमच्याकडे गाडी होती, क्रेडिट कार्ड होतं, डॅलसला मित्र होता, घरून काम करू देणारा साहेब होता, आणि तरी आम्ही एकमेकांवर ओरडलो. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला तीन रात्रींचं मोटेल म्हणजे त्या महिन्याचं भाडं. कुत्र्यामांजरांना बसमध्ये घेत नव्हते म्हणून त्यांच्यापाशी थांबलेले लोक होते. तो मुद्दा इतका खरा निघाला, की पुढच्याच वर्षी पाळीव जनावरांच्या सोयीसाठी वेगळा कायदा झाला. ज्यांना आपण हट्टी म्हणतो त्यांच्यातले किती नुसते अडकलेले असतात, हे मोजणं अवघड आहे.

नकाशांचंही थोडं सांगायला हवं. टीव्हीवर दिसणारा पांढरा शंकू वादळाचा आकार नसतो, वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल त्याचा पट्टा असतो. आणि तीनांतल्या एका वेळी केंद्र त्या पट्ट्याबाहेर जातंच. लोक मात्र मधली रेघ बघतात. २०२२मध्ये इयनच्या वेळी सगळ्यांची नजर फ्लोरिडातल्या टँपावर होती. फोर्ट मायर्सच्या काऊंटीत आदेश निघाला तो वादळाच्या आदल्या दिवशी सकाळी, आणि समुद्र आला तो तिथेच. आमच्या मुलाने शंकूच्या पुढची पायरी गाठलीय. निरनिराळ्या मॉडेलांच्या रंगीत रेघांचा गुंता असलेला नकाशा तो पाठवतो, आई त्याला "शेवया" म्हणतात. "आज शेवया कुठे गेल्यात रे?" असं फोनवर विचारतात. उत्तर काहीही आलं तरी त्या देवापुढे दिवा लावतात, त्यामुळे नकाशाचा त्यांना नेमका काय उपयोग होतो ते मला सांगता येणार नाही.

जुलै २०२४मध्ये शेवया आधी मेक्सिकोकडे गेल्या होत्या, मग हळूहळू वर सरकत आमच्यावर आल्या. बेरिल, कॅटेगरी एक. मी, जी या आकड्याविरुद्ध वर इतकं बोलले, तीच म्हणाले, "एकच तर आहे." कोणीही निघालं नाही, कोणी निघायला सांगितलंही नव्हतं. ८ तारखेच्या सकाळी वारा चार-पाच तास घोंघावला, कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या, मागच्या ओकची फांदी गॅरेजला घासून पडली. दुपारी ऊन पडलं. नवरा "बघ" म्हणाला, पण त्याच्यात पूर्वीचा जोर नव्हता.

मग वीज आलीच नाही. त्या दिवशी ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते. दुसरा दिवस, तिसरा दिवस. भिंतींतून उष्णता बाहेर येत होती. बेरिलने ज्यांना वाऱ्यात गाठलं त्यांच्याइतकंच लक्ष नंतरच्या उकाड्यात गेलेल्यांकडे द्यायला हवं, असं पुढे बातम्यांत आलं. आईंचं वय आता चौऱ्याऐंशी. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा नको म्हटलं. आमच्या घरात चहा नको म्हणणं हा कुठल्याही हवामान कार्यालयापेक्षा मोठा इशारा आहे. नवऱ्याने एक शब्द न बोलता फाईल काढली, मी औषधं घेतली. मुलगा डॅलसला शिकतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मी चार दिवस हेच सांगतोय."

वादळ येऊन गेल्यावर, स्वच्छ निळ्या आकाशाखाली, आम्ही वादळापासून पळालो. पंचेचाळीस नंबरचा हायवे मोकळा होता. एसीच्या वाऱ्यात आईंना झोप लागली. तासाभराने जाग आली तशी विचारलं, "कुठे आलो गं?"

"कॉनरो, आई."

"एवढ्यात?" त्या सरळ बसल्या आणि खिडकीतून कडेच्या गवताकडे बघत राहिल्या. मैलभर गेल्यावर म्हणाल्या, "तो पाणीवाला इथेच कुठेतरी होता ना? गाडी जरा हळू घे रे."

नवऱ्याने गाडी हळू घेतली.